तिसऱ्या मजल्यावरचे पाच किलोवॅट: क्रिप्टो मायनिंग, सोसायटीची केबल आणि गच्चीवरचे सोलर

हे प्रकरण पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरातल्या एका गृहनिर्माण सोसायटीत २०२१-२२ मध्ये घडले. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे जवळच्या पूर्ण संख्येत दिले आहेत. सोसायटीने मला विजेचा भार मोजून अहवाल द्यायला बोलावले होते. त्या अहवालातले आणि नंतर समजलेले असे दोन्ही इथे एकत्र मांडले आहे.

पार्श्वभूमी

सोसायटी दोन विंगांची, साठेक फ्लॅटची, बांधून पंधरा-सोळा वर्षे झालेली. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर तिशीतला एक तरुण राहतो. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी, लॉकडाऊनपासून घरूनच काम. २०२१ च्या पावसाळ्यात त्याने मागच्या बेडरूममध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग सुरू केले. एका उघड्या फ्रेमवर सहा ग्राफिक्स कार्डे, अशा चार रिग. खोलीचे दार बंद, खिडकीत एक्झॉस्ट पंखा. शेजाऱ्यांना महिनोन्‌महिने एवढेच वाटत होते की याच्याकडे कूलर अखंड चालू असतो.

मायनिंग म्हणजे काय, हे सोसायटीच्या बैठकीत सांगावे लागले, म्हणून इथेही थोडक्यात सांगतो. जगभरातली मशिने एकाच वेळी एका कोड्याचे उत्तर अंदाजाने शोधत असतात. ज्याला ते आधी सापडते त्याला पुढचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, जोडण्याचा हक्क आणि नवी नाणी मिळतात. त्या उत्तराचा दुसरा काही उपयोग नसतो. खोटा ब्लॉक घुसवायचा तर प्रचंड वीज जाळावी लागेल आणि ते कुणाला परवडणार नाही, हीच त्यातली सुरक्षितता. या पद्धतीला प्रूफ ऑफ वर्क म्हणतात. मशिने वाढली की कोडे आपोआप कठीण होते. बिटकॉइनमध्ये दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही डिफिकल्टी नव्याने ठरते.

यातून निघणारी एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते: कमी वीज खाणारी मशिने आली म्हणून एकूण वापर कमी होत नाही. २०१६ मधले अँटमायनर एस९ हे मशिन एका टेराहॅशमागे, म्हणजे एक लाख कोटी अंदाजांमागे, १०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेत असे, तर अलीकडचे एस२१ सुमारे १७.५ ज्यूल घेते. तरीही बिटकॉइनची वीज या काळात वाढतच गेली, कारण वाचलेल्या विजेवर लोक आणखी मशिने लावतात. नाण्याचा भाव चढला की वीज चढते. व्यवहार किती झाले याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो.

२०२१ हे वर्ष या धंद्यात उलथापालथीचे होते. मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर बडगा उगारला आणि मशिने अमेरिका, कझाकस्तानकडे गेली. त्याच उन्हाळ्यात वीजटंचाईमुळे इराणने काही महिने बंदी घातली. पुढच्या जानेवारीत कझाकस्तानलाही ग्रिड सांभाळता येईना म्हणून मायनरांची वीज तोडावी लागली. मोठ्या देशांच्या ग्रिडवर जे झाले, तेच या सोसायटीच्या मीटर रूममध्ये लहान प्रमाणात झाले.

अडचण

मार्च-एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात ऊन नेहमीपेक्षा लवकर आणि कडक पडले. खोलीतली उष्णता एक्झॉस्ट पंख्याला आवरेना, म्हणून त्याने तिथे दीड टनाचा एसी बसवला आणि तोही चोवीस तास चालू ठेवला. एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात भारनियमनाची वेळ आली होती. वर्तमानपत्रांत रोज तीच बातमी आणि सोसायटीत ‘वीज जपून वापरा’ची सूचना लागलेली.

मे महिन्यात एका रात्री बी विंगचा एक फेज गेला. महावितरणकडे तक्रार झाली, पण बिघाड बाहेरचा नव्हता. मीटर रूममधला कट-आऊट (फ्यूजचा खटका) जळला होता आणि बसबारवरचा, म्हणजे सगळ्या मीटरना वीज वाटून देणाऱ्या धातूच्या पट्टीवरचा, एक जोड काळा पडला होता. कट-आऊट बदलला. आठवड्याभरात तो पुन्हा गेला. वायरमनने टाँग टेस्टर हे वायरभोवती धरून प्रवाह मोजायचे उपकरण लावून एकेक मीटरची वायर तपासली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच फ्लॅटच्या वायरीतून रात्री दोन वाजता बावीस अँपियर वाहत होते.

सचिवबाईंचा पहिला विचार होता की फ्लॅटची वीज तिथल्या तिथे तोडावी. अध्यक्षांनी त्यांना थांबवले. त्यांनी ठीकच केले, कारण सदस्याची वीज तोडण्याचा अधिकार सोसायटीला नाही, तो वितरण कंपनीचा. त्या रात्रीपुरते एवढेच ठरले की जोड दुरुस्त होईपर्यंत एसी आणि दोन रिग बंद ठेवायच्या. तरुणाने ते लगेच मान्य केले. भांडण न होता पुढचे सगळे होऊ शकले ते यामुळेच.

मोजमाप

मी आठवडाभराचा भार नोंदवला. दोन-तीन दिवस त्याच्याकडून सगळे पूर्ववत चालू करून घेतले, उरलेले दिवस निम्मे. चार रिग मिळून साडेतीन किलोवॅटच्या थोडे वर, एसी धरून पाच किलोवॅट. मंजूर भार होता तीन किलोवॅटचा.

पाच किलोवॅट हा आकडा ऐकायला लहान वाटतो. दोन-तीन गीझर एकदम लागले की एखाद्या घरात तेवढा भार येतोच. पण गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो. हा भार दिवसरात्र होता: दिवसाला १२० युनिट, महिन्याला ३६००. जुन्या इमारतीची केबल आणि जोड हे सगळे एकदम पूर्ण भार घेणार नाहीत असे धरून बसवलेले असतात. सगळ्यांचा भार वरखाली होत असतो, म्हणून जोडाला थंड व्हायला वेळ मिळतो. इथे एका फेजला तो वेळच मिळत नव्हता, आणि संध्याकाळी बाकीच्या घरांचे एसी त्याच फेजवर येऊन बसत होते.

बिल महिन्याला बावन्न-त्रेपन्न हजारांच्या घरात. त्या वेळी घरगुती दरात ५०० युनिटांच्या वरचा प्रत्येक युनिट वहन आकार आणि विद्युत शुल्क धरून पंधरा रुपयांच्या आसपास पडत होता. त्याने एकही बिल थकवले नव्हते. तो स्वतः म्हणाला, “काका, मी सगळ्यात महागाच्या स्लॅबने पैसे भरतो. माझ्यामुळे खालच्या स्लॅबला वीज स्वस्त मिळते. मग मी चोर कसा?” अध्यक्ष म्हणाले, “अरे, चोर कोण म्हणतंय तुला? पण तुझ्या पैशानं जोड थंड होत नाही ना!”

दोघांचेही म्हणणे खरे होते. वरच्या स्लॅबचा ग्राहक खालच्यांचा भार थोडा उचलतो, हे दररचनेतच आहे. पण दर भरला म्हणजे इमारतीच्या सामाईक केबलमधली सगळी मोकळी जागा विकत घेतली, असे होत नाही. आणि घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवण्याचा प्रश्न वेगळाच उरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर हेतूपेक्षा वेगळ्या कामासाठी वापर आढळला, तर त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून चालू आहे ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. ही जोखीम त्याला ठाऊकच नव्हती.

कर्बाचाही हिशेब मी अहवालात घातला, समितीने मागितला नव्हता तरी. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ३६०० युनिटांमागे महिन्याला अडीच टन. सोसायटीत कचरा वेगळा करतात, गांडूळखताचा हौद आहे, आणि त्याच इमारतीतली एक खोली हे करत होती. मला ते लिहिल्यावाचून राहवले नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: महावितरणला लेखी कळवून मोकळे व्हायचे. काही सदस्यांचा याकडे कल होता.

दुसरा: त्याने भार वाढवून घ्यावा, व्यापारी जोडणी घ्यावी, केबलचा खर्च स्वतः करावा. यात नियमांचा प्रश्न सुटत होता, पण सोसायटीला ना हरकत द्यावी लागणार होती, आणि निवासी मजल्यावर चोवीस तास तापणारी खोली मान्य करावी लागणार होती. शेजारच्या आजींच्या भिंतीला हात लावला तरी ती कोमट लागायची.

तिसरा: जवळच्या नऱ्हे गावातला एखादा गाळा भाड्याने घेऊन रिग तिकडे हलवायच्या. भाडे, धूळ, राखण आणि वीज गेली तर जनरेटर, एवढे जमेला धरल्यावर चार रिगसाठी हे परवडणारे नव्हते.

चौथा त्या तरुणाने स्वतः मांडला आणि बैठकीत तोच सगळ्यांना आवडला: गच्चीवर सोलर बसवू. निम्मे पैसे मी घालतो, निम्मे युनिट माझे. सोसायटीचे बिल कमी होईल, माझे मायनिंग हरित होईल.

सोलरचा हिशेब

या पर्यायावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तो मनापासून मांडला होता आणि वरवर पाहता त्यात कुणाचेच नुकसान दिसत नव्हते.

पुण्यात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाची सरासरी धरता दिवसाला चार युनिट देते. त्याला शंभर चौरस फुटांच्या आसपास सावली नसलेली जागा लागते. १२० युनिटांसाठी तीस किलोवॅट, म्हणजे तीन हजार चौरस फूट. पाण्याच्या टाक्या, लिफ्टच्या खोल्या आणि शेजारच्या उंच इमारतीची दुपारनंतरची सावली वगळता दोन्ही विंगांच्या गच्च्यांवर मिळून पंचवीस किलोवॅट कसेबसे बसत होते. साठ फ्लॅटची सगळी गच्ची वापरली तरी एका फ्लॅटमधली एक खोली भागत नव्हती. तो फळ्यावरचा गुणाकार झाल्यावर बैठक काही वेळ गप्पच झाली.

शिवाय त्या वेळच्या नियमांनुसार सोसायटीच्या सामाईक मीटरवर बसवलेल्या पॅनेलचे युनिट त्याच मीटरच्या बिलातून वजा होतात. ते एका सदस्याच्या फ्लॅटला वाटून देणे म्हणजे वीज विकणे झाले. त्याने स्वतःच्या मीटरवर पॅनेल घ्यायचे म्हटले, तर क्षमतेला मंजूर भाराची मर्यादा, म्हणजे तीन किलोवॅट.

पण समजा जागा असती आणि नियमही आडवे आले नसते. तरी मूळ अडचण राहतेच. पॅनेल दिवसा वीज देते, मायनिंग चोवीस तास चालते. रिग बंद ठेवली तर कमाई बुडते, म्हणून रात्री ती ग्रिडवर चालणार. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या पद्धतीमुळे, महिन्याच्या शेवटी कागदावर बेरीज-वजाबाकी शून्य दिसते, पण रात्री नऊ वाजता त्या खोलीत येणारी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी अशा कोळशावरच्या केंद्रांतूनच प्रामुख्याने येणार. दुपारी आपण ग्रिडला जे युनिट दिले त्यांची भरपाई झाली म्हणावे, तर मग पुढचा प्रश्न: ते दुपारचे युनिट दुसऱ्या कशासाठी वापरता आले असते?

सोसायटीचे पंप, लिफ्ट, जिने आणि पार्किंगचे दिवे मिळून रोज ऐंशी युनिट लागत होते. वीस किलोवॅटचे पॅनेल त्यांना लावले तर तेवढी कोळशाची वीज खरोखर वाचते. तेच पॅनेल नव्याने निर्माण केलेल्या मागणीला जोडले तर कोळसा पूर्वीइतकाच जळतो, आणि आपल्याला मात्र स्वच्छ ऊर्जेचे समाधान मिळते. मायनिंगच्या शाश्वततेबद्दल जगभर जो वाद चालतो तो नेमका इथे अडकतो. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालात बिटकॉइनचा वार्षिक वापर सुमारे १३८ अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या विजेच्या अर्धा टक्का, आणि त्यातला ५२.४ टक्के वाटा अक्षय व अणुऊर्जेचा असे दिले आहे. हा वाटा महत्त्वाचा आहेच. फेकून द्यावी लागणारी जलविद्युत किंवा तेलविहिरीवर नुसताच जाळला जाणारा वायू मायनिंगसाठी वापरला, तर त्याचा हिशेब वेगळा होतो. पण पुण्यातल्या गच्चीवरचा युनिट वाया जाणारा नाही. त्याची खाली पंप वाट पाहत आहे.

पैशाचा हिशेब आणि कर

नोव्हेंबर २०२१ मध्ये, भाव शिखरावर असताना, त्याची महिन्याची मिळकत दीड लाखाच्या पुढे होती. जून २०२२ मध्ये ती पासष्ट हजारांवर आली. बिल जाऊन बारा हजार उरतात, असे तो धरून चालला होता.

त्याने एक गोष्ट मोजली नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोच्याही, विक्रीतल्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लागू झाला, आणि त्यातून संपादन खर्चाखेरीज (ती मालमत्ता मिळवण्याच्या खर्चाखेरीज) कोणतीही वजावट मिळत नाही. मायनिंगच्या पायाभूत सोयींवरचा खर्च हा संपादन खर्च धरला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले होते. म्हणजे विजेचे बिल वजा न करता पूर्ण पासष्ट हजारांवर कर: साडेएकोणीस हजार. बाराचे उणे साडेसात झाले. जुलैपासून एक टक्का टीडीएसही आला.

अहवालातल्या सगळ्या पानांत त्याच्यावर याच पानाचा परिणाम झाला. मला आवडले असते कर्बाच्या पानाचा झाला असता तर.

निर्णय

जुलैच्या बैठकीआधी आणखी एक मुद्दा पुढे होता. इथेरियम प्रूफ ऑफ वर्क सोडून प्रूफ ऑफ स्टेक या पद्धतीवर जाणार होते. त्यात कोडी सोडवायची नसतात. ज्यांनी आपली नाणी तारण ठेवली आहेत त्यांच्यातून निवड होऊन ब्लॉक जोडला जातो. चाचणीच्या जाळ्यांवर हा बदल जूनपासून एकेक करून होत होता. तरुणाचा त्यावर विश्वास नव्हता. “दर वर्षी पुढे ढकलतात,” हे त्याचे उत्तर, आणि आधीच्या वर्षांचा अनुभव तसाच होता.

मी एवढेच सांगितले की जी मागणी दोन-तीन महिन्यांत नाहीशी होऊ शकते, तिच्यासाठी पंचवीस वर्षे टिकणाऱ्या पॅनेलचा आकार ठरवू नये. समितीने सोलरचे दोन भाग केले. तरुणाबरोबरचा भागीदारीचा प्रस्ताव नाकारला, सामाईक वापरासाठीचा वेगळा विचारात घेतला. बसबारच्या दुरुस्तीचा खर्च त्याने दिला. दोन रिग काढून टाकायच्या, उरलेल्या दोन एसीशिवाय, मंजूर भाराच्या आत, सप्टेंबरअखेरपर्यंत चालवायच्या आणि मग पुन्हा बघायचे, असे ठरले. महावितरणला सोसायटीने कळवायचे नाही, त्याने स्वतः जाऊन वापराची वर्गवारी विचारायची.

काय झाले

दोन रिगची कार्डे त्याने जुलैमध्येच विकली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचा बदल झाला आणि जाळ्याचा वीजवापर ९९.९५ टक्क्यांच्या आसपास घटला. उरलेल्या दोन रिगना त्या दिवसापासून काम उरले नाही. त्याने त्या इथेरियम क्लासिक या प्रूफ ऑफ वर्कवरच राहिलेल्या वेगळ्या नाण्याकडे वळवल्या, पण जगभरच्या बेकार झालेल्या कार्डांनी तोच मार्ग धरला होता. डिफिकल्टीने उडी घेतली, आणि दिवसाची मिळकत विजेच्या खर्चाच्याही खाली गेली. आठवडाभरात ते बंद झाले. ही कार्डे विकायला तो तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारापर्यंत फिरला, पण बाजारात तोवर अशा कार्डांचा पूर आला होता आणि जुलैच्या निम्माही भाव मिळाला नाही.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे: इथेरियमवरचे व्यवहार १५ सप्टेंबरला थांबले नाहीत. खाती, शिलकी, करार सगळे तसेच चालू राहिले. जगभरच्या बेडरूममध्ये आणि गोदामांत जळणारी ती वीज त्या सेवेसाठी अटळ नव्हती. प्रूफ ऑफ स्टेकवर वेगळे आक्षेप आहेत, श्रीमंतांच्या हाती सत्ता एकवटते हा त्यातला मोठा. त्यावर वाद जरूर व्हावा. पण ‘एवढी वीज लागणारच’ हे म्हणणे त्या दिवशी संपले.

सोसायटीने गच्चीचे वॉटरप्रूफिंग उरकून पुढच्या वर्षी सामाईक वापरापुरते वीस किलोवॅट बसवले. इन्व्हर्टरच्या रोजच्या नोंदी पाहण्याचे काम तोच तरुण करतो आणि चोख करतो. २०२४ च्या सुरुवातीला बिटकॉइनचा भाव चढला तेव्हा त्याने मला पुन्हा फोन केला. साडेतीन किलोवॅटचे नवे मशिन, दिवसाला ८४ युनिट, तोवर वीस रुपयांवर गेलेला वरच्या स्लॅबचा युनिट, आणि एप्रिलमध्ये ब्लॉकमागचे बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ नाण्यांवर येणार. फोन ठेवायच्या आत त्याने स्वतःच हिशेब पुरा केला आणि विषय सोडून दिला.

वेगळे काय करता आले असते

महावितरणकडे जाण्याचे काम त्याच्यावर सोपवले, हा निर्णय माझ्या मते कच्चा होता. त्याने ते केले नाही, आणि रिग बंद झाल्याने कुणी विचारलेही नाही. पण त्या दोन-अडीच महिन्यांत तपासणी झाली असती तर त्याच्यावर मोठी आकारणी आली असती, आणि सोसायटीला माहीत असूनही ती गप्प राहिली असे दिसले असते. तारीख घालून लेखी हमी घ्यायला हवी होती.

दुसरे, बिघाड मे महिन्यात दिसला, पण भार आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून चढलेला होता. मीटर रूममधल्या जोडांची वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, तपासणी झाली असती तर काळा पडू लागलेला जोड फेब्रुवारीतच सापडला असता. खर्च किरकोळ आहे.

तिसरे त्या तरुणाबाबत. रिग घेण्याआधी त्याने कार्डांची किंमत किती महिन्यांत वसूल होईल एवढेच मोजले होते, तेही भाव आणि डिफिकल्टी आहे तशीच राहील असे धरून. मंजूर भार, एसीची वीज, वापराची वर्गवारी, या तीन गोष्टी पहिल्या दिवशी कळू शकत होत्या. कर आणि इथेरियमचा बदल या पुढच्या गोष्टी होत्या, पण बदलाची चर्चा २०२१ मध्येही जाहीरच होती.

आता सोसायटीत भाराची नोंदवही आहे. दोन किलोवॅटच्या वरचे आणि सलग चालणारे काहीही बसवायचे तर आधी त्यात लिहायचे, कोणत्या फेजवर ते वायरमनने ठरवायचे. मायनिंगची नोंद त्यात एकही नाही. नोंदी आहेत त्या गाड्यांच्या चार्जरच्या, एकेक साडेतीन ते सात किलोवॅटचा. दिवसा चार्जिंग केले तर सोलरचा उपयोग होतो, पण बहुतेकांच्या गाड्या संध्याकाळीच घरी येतात. बी विंगची केबल बदलायची की चार्जिंगच्या वेळा वाटून द्यायच्या, यावर समितीचे अजून एकमत झालेले नाही.